तलावाचे पाणी हिरवे होते तेव्हा

लोणावळ्याला बंगला बांधला, की हल्ली अंगणात पोहण्याचा तलावही हवाच असतो. आठ दिवस कुलूप लावून जावे आणि परत येऊन पाहावे, तो निळ्या पाण्याची पालकाची पातळ भाजी झालेली! मग मालक माळ्यावर रागावतात. बिचाऱ्या माळ्याचा काय दोष? पाण्यातले क्लोरीन संपले, वर ऊन पडले, की शेवाळे यायचेच.

अहो, २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये सूर मारण्याचा तलाव साऱ्या जगासमोर हिरवा झाला. आत ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले गेले होते, असा खुलासा पुढे आयोजकांनीच केला. तेही जंतुनाशकच, पण त्याने क्लोरीनचाच निकाल लावला.

पाणी हिरवे दिसले, की आपला हात क्लोरीनच्या डब्याकडे जातो. तो जरा आवरावा. आधी पाण्याचा पीएच पाहावा. तो ७.५ असेल तर सुमारे निम्मे क्लोरीन कामाच्या रूपात असते. ८ वर गेला की जेमतेम पाव उरते. म्हणजे पैसे अक्षरशः पाण्यात! म्हणून पीएच ७.२ च्या आसपास आणून घ्यावा.

मग घासणे. भिंती, पायऱ्या आणि विशेषतः शिडीची मागची बाजू, जिथे कुणाचाच हात जात नाही. बुळबुळीत थराखाली औषध पोचत नाही. माझ्या मते निम्मे काम ब्रशाचेच.

क्लोरीन घालावे ते संध्याकाळी, कारण उन्हात ते झपाट्याने नाहीसे होते. बादलीत आधी पाणी घ्यावे, मग पूड; उलटे कधीही नाही. आणि पीएच उतरवण्याचे आम्ल त्या बादलीच्या जवळही नेऊ नये. दोन्ही एकत्र आली, की जो वायू निघतो तोच १९१५ साली बेल्जममध्ये ईप्रच्या खंदकांवर सोडला होता, बरं का!

पंप रात्रभर चालू ठेवावा. सकाळी पाणी करडे, गढूळ दिसेल. ते मेलेले शेवाळे. वाळूची गाळणी उलट्या प्रवाहाने धुवावी, आणि पाणी निवळेपर्यंत पुन्हा पुन्हा धुवावी.

तोवर मुलांना मात्र काठाशीही फिरकू देऊ नये. हिरव्या पाण्यात बुडालेले मूल काठावरच्या माणसाला दिसत नाही. सर्वांत खोल जागी एक नाणे टाकून ठेवावे. ते वरून स्वच्छ दिसू लागले आणि वाढवलेले क्लोरीनही नेहमीच्या पातळीवर उतरले, म्हणजे मग फाटक उघडावे.