राज्यक्रांतीनंतरचे फ्रेंच खेडे



फ्रेंच राज्यक्रांती म्हटली की पॅरिस डोळ्यांसमोर उभे राहते. बॅस्टिलचा तुरुंग, गिलोटिन, रोब्सपिअर आणि शेवटी नेपोलियन. पाठ्यपुस्तकांनी हा क्रम इतका पक्का करून ठेवला आहे की, त्या काळी फ्रान्समधील पाचांपैकी सुमारे चार माणसे खेड्यात राहत होती, याचे भानच राहत नाही. त्या चौघांच्या वाट्याला क्रांती कशी आली?

१७८९ च्या जुलैअखेरीस खेडोपाडी अफवा उठल्या. सरदारांनी लुटारू सोडले आहेत, ते उभे पीक कापून नेणार! शेतकरी कोयते घेऊन बाहेर पडले. लुटारू कोठेच सापडले नाहीत, तेव्हा जमाव गढ्यांकडे वळला. अनेक ठिकाणी त्याने सोन्यानाण्याआधी दप्तर शोधले आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे देणे लिहिलेले कागद जाळून टाकले. ही वार्ता व्हर्सायला पोहोचली. ४ ऑगस्टच्या रात्री राष्ट्रीय सभेत सरदार आणि धर्माधिकारी एकामागून एक उठून आपले हक्क सोडू लागले. त्यागाच्या या दृश्याचे वर्णन पुष्कळांनी भारावून केले आहे. आठवडाभराने निघालेल्या मसुद्यात मात्र व्यक्तीला दास्यात ठेवणारे हक्क तेवढे विनामोबदला रद्द झाले. जमिनीवरचे देणे कुळाने रक्कम भरून सोडवून घ्यावे, असे ठरले. ती अट जाण्यास जुलै १७९३ उजाडावे लागले.

चर्चच्या जमिनी नोव्हेंबर १७८९ मध्ये राष्ट्राच्या ताब्यात आल्या आणि पुढे लिलावात निघाल्या. बोली लावण्यास पैसा लागतो. शहरातील वकील-व्यापारी आणि गावातील सधन शेतकरी यांचे त्यात साधले. भूमिहीन मजुराच्या पदरात फारसे काही पडले नाही.

त्या मजुराचे जगणे वेगळ्याच गोष्टींवर चालत असे. कापणीनंतर शेतात पडलेली कणसे वेचण्याचा हक्क गरिबांचा होता. चित्रकार मिले याच्या १८५७ च्या प्रसिद्ध चित्रातील तीन वाकलेल्या स्त्रिया हाच हक्क बजावत आहेत. पीक निघाले की शेत साऱ्या गावाच्या गुरांना मोकळे होई. गायरान तर सामाईकच. व्यक्तीच्या मालकीहक्काला पवित्र मानणाऱ्या क्रांतिकारकांना हे सारे मागासलेले वाटे. १० जून १७९३ च्या कायद्याने गायरान माणशी समान वाटून घेण्याची मुभा गावांना दिली. वरवर पाहता याहून गरिबांच्या हिताचे काय असणार? पण अनेक गावांनी वाटणी केलीच नाही. तुकड्यावर एका गाईचे पोट भरत नाही, सामाईक कुरणावर भरते. हा हिशेब खेड्यातल्या निरक्षर बाईला कळत होता. राजधानीतल्या विद्वानांना तो कळला नाही.

कालगणनेचेही तेच झाले. १७९३ मध्ये दहा दिवसांचा आठवडा आला. दिवसांना संतांऐवजी पिके, जनावरे आणि अवजारे यांची नावे दिली गेली. शेतकरी खूश होईल, अशी कल्पना असावी! त्याने रविवार पाळणे सोडले नाही. १ जानेवारी १८०६ पासून जुने पंचांग परत आले. व्हान्दे प्रांतात मात्र प्रकरण रक्तावर गेले. राज्यनिष्ठेची शपथ न घेणारे धर्मगुरू हटवले गेले आणि त्यावर १७९३ मध्ये ३ लाखांच्या सैन्यभरतीचे फर्मान निघाले. शेतकरी उठला आणि त्याचे बंड प्रजासत्ताकाच्या सैन्याने चिरडले. लाखाहून अधिक माणसे त्या संघर्षात मेली.

आब्बे ग्रेग्वार यांनी १७९४ मध्ये सभेपुढे अहवाल ठेवला. किमान ६० लाख लोकांना फ्रेंच येत नाही आणि शुद्ध बोलणारे ३० लाखांहून अधिक नाहीत, असे त्यात नमूद होते. उपाय म्हणून बोलीभाषा नष्ट कराव्यात, अशी त्यांची मागणी होती. ती प्रत्यक्षात येऊ लागली तब्बल ८० वर्षांनी. यूजीन वेबर या इतिहासकाराने १९७६ च्या ग्रंथात दाखवले की, खेडूत खऱ्या अर्थाने ‘फ्रेंच’ झाला तो १८७० ते १९१४ या काळात, तेही रस्ते, रेल्वे, शाळा आणि सक्तीची लष्करी सेवा यांमुळे. झ्यूल फेरी यांच्या १८८१-८२ च्या कायद्यांनी शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष झाले. ब्रिटनी प्रांतातील शाळांत ब्रेटन बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा किंवा तत्सम खूण अडकवीत. दुसरा कोणी मातृभाषेत बोलताना सापडला की ती त्याच्याकडे जाई. राष्ट्र एक झाले हे खरे. त्याची किंमत कोणी मोजली, हेही ध्यानात ठेवावे.

आणखी मोठी किंमत १९१४ नंतर मोजावी लागली. ऐन सुगीत गडीमाणसे आघाडीवर गेली. पंतप्रधान विव्हियानी यांनी स्त्रियांना पीक घरात आणण्याचे आवाहन केले आणि त्यांनी ते पुढील चार वर्षे केले. फ्रान्सचे १३ लाखांहून अधिक सैनिक परतले नाहीत. आज त्या देशातील जवळजवळ प्रत्येक गावात दगडी स्मारकावर त्यांची नावे आहेत. लहान गावांत एकच आडनाव तीन-चारदा येते.

तरीही खेडे टिकले होते. ते बदलले समृद्धीने. अर्थतज्ज्ञ झाँ फुरास्तिए यांनी १९७९ च्या आपल्या पुस्तकात दोन गावांची तुलना केली आहे. एकात २७९ कमावत्यांपैकी २०८ शेतीत, दुसऱ्यात २१५ पैकी ५३. मग ते सांगतात की, दोन्ही गावे एकच, लोत जिल्ह्यातील दुएल. पहिली आकडेवारी १९४६ ची, दुसरी १९७५ ची. ट्रॅक्टर आला, तुकडेजोड झाली, बांधावरची झुडपे उखडली गेली. १९५५ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे २३ लाख शेते होती. २०२० च्या गणनेत ती ४ लाखांच्या आत आली. ज्या शेतकऱ्याला मालक करण्यासाठी गढ्यांतील दप्तरे जळाली, त्याचीच मुले शेत विकून शहरात गेली.

या प्रवाहाविरुद्ध उभे राहिलेले एक ठिकाण म्हणजे दक्षिणेतील लार्झाकचे पठार. तेथील मेंढ्यांच्या दुधापासून रोकफोर चीज होते. १९७१ मध्ये सरकारने लष्करी तळ ३ हजारांवरून १७ हजार हेक्टरांवर नेण्याचे जाहीर केले. १०३ शेतकऱ्यांनी जमीन न विकण्याची शपथ घेतली. १९७२ मध्ये लान्झा देल व्हास्तो यांनी तेथे १५ दिवसांचे उपोषण केले. हे गृहस्थ १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींजवळ राहिलेले. ‘शांतिदास’ हे नाव त्यांना गांधीजींनीच दिले होते. त्याच वर्षी मेंढ्या थेट आयफेल मनोऱ्याखाली चरायला नेण्यात आल्या. लढा दहा वर्षे चालला आणि १९८१ मध्ये अध्यक्ष मित्तेराँ यांनी योजना रद्द केली.

विजयानंतर सरकारने तळासाठी आधीच घेतलेल्या सुमारे ६३०० हेक्टर जमिनीचा प्रश्न उरला. ती तुकडे करून विकावी, हा सोपा मार्ग होता. शेतकऱ्यांनी तो नाकारला. १९८५ मध्ये त्यांच्या संस्थेने ती जमीन राज्याकडून दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने एकत्रित घेतली. तेथे शेती करणारा निवृत्त होईपर्यंत ती कसतो. नंतर ती त्याच्या मुलाकडे वारशाने जात नाही, संस्था दुसऱ्या कसणाऱ्याला देते.