स्फुरदाचे कुलूप



विषय युरेनियमचा आहे, पण सुरुवात मी आपल्या कपाशीच्या शेतापासून करतो. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात स्फुरद टाकले की त्यातले बरेचसे चुन्याशी बांधले जाते, पिकाला मिळत नाही. शेतकऱ्याची ही जुनी तक्रार. स्फुरदाचा हाच बांधून घेण्याचा गुण अमेरिकेत युरेनियम अडकवण्यासाठी वापरून पाहिला गेला.

वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीकाठी हॅनफोर्ड येथे १९४३ साली अणुबॉम्बच्या कामासाठी कारखाने उभे राहिले. अणुभट्टीच्या इंधनकांड्या जिथे बनत, तिथले युरेनियमचे सांडपाणी नदीजवळच्या तळ्यांत आणि चरांत सोडीत. पुढे पुष्कळ माती उपसली, तरी खालच्या वाळूगोट्यांत युरेनियम मुरलेले राहिलेच. नदी चढली की भूजल वर येते, तो थर भिजवते आणि युरेनियम घेऊन नदीकडे निघते. पाण्यातल्या कार्बोनेटच्या संगतीने ते विरघळून चालू लागते. स्फुरद आणि कॅल्शियम भेटले, तर मात्र तिघांचा मिळून ऑट्युनाइट नावाचा खनिज खडा बनतो. तो पाण्यात फारच थोडा विरघळतो.

२००७ साली विहिरीतून पॉलीफॉस्फेट सोडून प्रयोग केला. युरेनियम आधी उतरले, मग पुन्हा चढले. कॅल्शियमही सोडले होते, पण ते मातीने वाटेतच धरून ठेवले. स्फुरदाशी त्याची हवी तशी गाठ पडली नाही. हे अपयश त्यांनी छापून जगापुढे ठेवले, हे मला फार मोलाचे वाटते. मग २०१५ आणि २०१८ साली मोठ्या जागेवर पुन्हा स्फुरद सोडण्यात आले.

आम्हां कामगार चळवळीतल्यांना एक खोड असते. मालक ‘काम झाले’ म्हणाला की आम्ही करार काढून वाचतो. इथला करार असा, की युरेनियम गेलेले नाही, थांबलेले आहे. आणि ते निम्मे व्हायला सुमारे ४५० कोटी वर्षे लागतात! पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम, कारण ते मूत्रपिंडाला घातक. तेव्हा विहिरी तपासतच राहावे लागते.

आपल्या झरी-जामणी, पांढरकवडा भागात दुखणे फ्लोराइडचे आहे. तिकडच्या सभेत माझा पहिला प्रश्न हाच असतो : या विहिरीचे पाणी शेवटचे कधी तपासले, आणि तो कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला का?