कारागिराचे देणे
(ज्युबिली महोत्सवानिमित्त धर्मग्रामात दिलेले भाषण)



ज्युबिली म्हटली की दिवे, पताका, मिरवणूक आणि मेजवानी ही आपणांस प्रथम आठवतात. आणि ती असावीतही. परंतु ज्या जुन्या करारातून हा शब्द आपणांकडे आला, त्यात ज्युबिलीचे वर्ष हे मुख्यतः देणे फेडण्याचे वर्ष होते. पन्नासाव्या वर्षी ज्याची जमीन त्यास परत मिळावी आणि जो दास्यात पडला असेल त्यास मोकळे करावे, अशी लेवीय ग्रंथात आज्ञा आहे. तेव्हा आपण कोणाचे काय देणे लागतो, हा प्रश्न विचारणे ज्युबिलीस शोभणारेच होय. आज आम्ही अशाच एका देण्याविषयी बोलणार आहोत. आपल्या शेजारी राहणारे जे चित्रकार, कोरीव काम करणारे कारागीर आणि वाद्ये घडविणारे लोक आहेत, त्यांचे ते देणे होय. त्यांस कामाची प्रेरणा कोठून मिळते हे आधी पाहू; म्हणजे त्यांचे आपल्याकडे काय निघते, हे कळावयास वेळ लागणार नाही.

प्रेरणा म्हणजे निवांत बसलेल्या माणसाच्या मनात अकस्मात चमकणारी वीज, अशी पुष्कळांची समजूत असते. पवित्र शास्त्र निराळे सांगते. निर्गम ग्रंथात यहूदाच्या वंशातील बसालेल नावाच्या कारागिराची हकीकत आहे. देवाने त्यास आपल्या आत्म्याने भरले; आणि ते कशासाठी, तर सोने, रुपे व पितळ यांची कामे करावयास, रत्नांस पैलू पाडावयास आणि लाकूड कोरावयास. इतकेच नव्हे, तर ती विद्या दुसऱ्यांस शिकविण्याची बुद्धीही त्यास दिली. म्हणजे दैवी प्रेरणा उतरली ती हातांत, आणि तिचे फळ म्हणून मिळाले ते काम व शिष्य.

आपल्या कॅथलिक बायबलात बेन सिराचा ग्रंथ आहे. त्याच्या अडतिसाव्या अध्यायात शेतकरी, मुद्रा कोरणारा, लोहार आणि कुंभार अशा चौघांचे वर्णन येते. मुद्रा कोरणारा रात्रीचा दिवस करून हुबेहूब आकृती साधण्यात कसा गढलेला असतो, हे ग्रंथकाराने सांगितले आहे. अशा लोकांस सभेत कोणी विचारीत नाही, न्यायासनावर कोणी बसवीत नाही. तरी त्यांच्यावाचून नगर वसत नाही, आणि त्यांचे काम हीच त्यांची प्रार्थना होय, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. हे वाचताना आम्हांस वाटते की, ग्रंथकाराने जणू आपल्याच किनाऱ्याकडे पाहून लेखणी उचलली असावी.

कारण तो मुद्रा कोरणारा आपला शेजारी आहे. तारापूरच्या खाडीपलीकडे चिंचणी, आणि पुढे वरोर. या पट्ट्यात दागिन्यांचे ठसे, ज्यांस सर्व लोक ‘डाय’ म्हणतात, ते कोरण्याचा धंदा घराघरांतून चालत आला आहे. पोलादाचा ठोकळा घासून आरशासारखा करावा, त्यावर नक्षी आखावी, आणि मग छिन्नीने ती कणाकणाने खोदावी. यात कठीण गोष्ट ही की, सर्व काही उलटे करावे लागते. दागिन्यावर जी पाकळी उठून दिसावयाची, ती ठशात खोल गेली पाहिजे. जे उजवीकडे दिसावयाचे, ते डावीकडे कोरले पाहिजे. नक्षी पुरी झाल्यावर पोलादास पाणी देऊन ते कठीण करावयाचे. मग सोन्याचा पातळ पत्रा त्यावर दाबला की फूल उमटते. एकाच ठशावरून असंख्य दागिने निघतात आणि दूरदूरच्या पेढ्यांवर जातात. जी नवरी ते फूल गळ्यात घालते, तिला सोनाराचे नाव ठाऊक असते. ठसा कोरणाऱ्याचे नसते. तो डोळे शिणवून खोलगट भाग कोरतो, आणि जगापुढे येतो तो उंचवटा.

अशा माणसास प्रेरणा कशाची? कीर्तीची नव्हे, कारण ती त्याच्या वाट्यास येतच नाही. पोटाची काळजी आहेच, आणि ती लपविण्याचे कारण नाही. परंतु केवळ पोटासाठी काम करणारा मनुष्य, जी चूक कोणाच्याही नजरेस येणार नाही, ती सुधारीत बसत नाही. हा बसतो. काम नीट व्हावे, ही कामाची स्वतःचीच मागणी असते. ती ज्यास ऐकू येते तोच कारागीर. सांप्रत संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रेही पोलाद कोरतात, आणि हाताने कोरणाऱ्यास त्यांच्या वेगाशी सामना करावा लागतो. यंत्राची निंदा आम्ही करणार नाही. आपल्या बोईसर-तारापूरच्या कारखान्यांवरच आपल्यापैकी पुष्कळांच्या चुली पेटतात. एवढेच म्हणतो की, यंत्रास नक्षी द्यावयाची तर ती आधी कोणाच्या तरी मनात उमलावी लागते.

आता किनारा सोडून डोंगराकडे वळू. डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार या भागांतील वारली बांधवांची चित्रकला आता सर्व जगास ठाऊक झाली आहे, आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. गेरूने सारवलेली कुडाची भिंत, पाण्यात कालविलेले तांदळाचे पीठ आणि टोक चावून कुंचल्यासारखी केलेली बांबूची काडी, एवढेच तिचे साहित्य. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन, एवढेच तिचे आकार. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले की माणसाचे धड होते. आणि तेवढ्या दोन त्रिकोणांतून धान्य कांडणारी बाई, नांगर धरणारा गडी, झाडावर चढणारा पोर, असे सारे जग चालू लागते.

परंतु ही कला मुळात चित्रे काढावी म्हणून निघाली नाही. लग्नघरी भिंतीवर चौक लिहिला जातो. तो सवासिणींनी लिहावयाचा. त्याच्या मध्यभागी पालघट देवी. आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी पुरोहित स्त्री, तिची गाणी गाते. चौकावाचून लग्न लागत नाही. म्हणजे येथे चित्र हे शोभा नसून कर्तव्य आहे. नव्या संसारास अन्न मिळो, मुले होवोत, पाऊस वेळेवर पडो, हे मागणे त्या पांढऱ्या रेघांनी मागितलेले असते.

आणि याच लग्नाची दुसरी बाजू आपण विसरता कामा नये. पूर्वी याच मुलखात, लग्नापुरते थोडे पैसे सावकाराकडून उचलणारा वारली तरुण त्या कर्जापायी बायकोसह त्याच्या घरी राबत असे, आणि ते राबणे बहुधा जन्मभर संपत नसे. अशा माणसास ‘लग्नगडी’ म्हणत. ज्या भिंतीवर सुखाचा चौक लिहिला, त्याच घराच्या दारातून दास्य आत येई. 1945 च्या मे महिन्यात झरी गावी हजारो आदिवासी जमले आणि वेठ करावयाची नाही असा त्यांनी निर्धार केला. शामराव व गोदावरी परुळेकर हे त्या लढ्यातील किसान सभेचे पुढारी होते. त्या मंडळींचे राजकीय मत आमचे नव्हे. पण दास मोकळे झाले, ही गोष्ट ज्युबिलीच्या आज्ञेशी जुळणारी होती, हे कबूल करावयास आम्हांस संकोच वाटत नाही. सांगावयाचे हे की, ही कला सुखवस्तू लोकांच्या फुरसतीतून आलेली नाही. ज्यांच्याकडे जमीन उरली नव्हती, त्यांनी आपल्या भिंतीवर नांगरलेले शेत राखले.

1970 च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार, हस्तकला मंडळाच्या कामानिमित्त या पाड्यांत हिंडले. त्यांनी लोकांस कागद व रंग दिले. त्या काळी पुढे आले ते गंजाडजवळील कलंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे. यांचा जन्म 1934 चा. लहानपणीच आई वारली, त्या धक्क्याने मुलाचे बोलणे थांबले, आणि मनातले सांगावयाचे तर तो धुळीत चित्रे काढी, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. वाचा गेली तेव्हा रेघेने वाचेचे काम केले. यापेक्षा प्रेरणेची खरी व्याख्या आम्हांस तरी ठाऊक नाही. 1976 मध्ये त्यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 1989 मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली, 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. 2018 च्या मे महिन्यात ते निवर्तले. मासे धरण्याचे जाळे हा त्यांचा आवडता विषय. सारा कागद व्यापणारे, बारीक डोळ्यांचे ते जाळे पाहून सातपाटीच्या आमच्या कोळी बांधवांचेही हात शिवशिवतील.

मशे यांचा गौरव योग्यच झाला. तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कला भिंतीवरून कागदावर आली, तेव्हा ती बव्हंशी स्त्रियांच्या हातून पुरुषांच्या हाती गेली. ज्या सवासिणींनी पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिले, त्यांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत. आणि सांप्रत तीच आकृती यंत्रावर छापून चादरी, पेले, पिशव्या यांवर विकली जाते, तेव्हा स्त्री आणि पुरुष दोघांच्याही हाती काही येत नाही.

तारप्याविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. वाळलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, मेण, आणि ताडाच्या पानांचा कर्णा. एवढ्यातून हे वाद्य बनते. नवे भात घरात आले की तारपकरी मध्ये उभा राहतो, आणि हातात हात गुंफून सारा पाडा त्याच्याभोवती फेर धरतो. तो वळेल तिकडे फेर वळतो. वारली चित्रांत जो नागमोडी फेर आपण पाहतो, तो हाच. येथे कलावंत व प्रेक्षक असे दोन वर्ग नाहीत. भात पिकले, म्हणून आनंद. आनंद झाला, म्हणून नाच. आपल्या उपकारस्तुतीच्या मिस्साबलीहून ही भावना फार दूरची आहे, असे आम्हांस वाटत नाही.

कोणी विचारील की, ख्रिस्ती देवळास याच्याशी काय कर्तव्य? उत्तर देवमातेचेच घर देते. आपल्या प्रभूचे बहुतेक आयुष्य सुताराच्या ओट्यापाशी गेले. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने 1963 साली उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात स्पष्ट केले की, ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली म्हणून घेतलेली नाही. प्रत्येक काळाच्या आणि प्रत्येक लोकांच्या कलेस तिच्या घरात जागा आहे. त्याच्या कितीतरी आधी गोव्याचे अँजेलो दा फोन्सेका (1902–1967) पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून पवित्र मरियेस लुगडे नेसवीत होते. त्यापायी त्यांस स्वकीयांचे बोल ऐकावे लागले. आज तीच चित्रे आपण अभिमानाने दाखवितो. आपल्या धर्मप्रांतातील वारली ख्रिस्ती कुटुंबांनीही गेरूच्या भिंतीची लाज बाळगण्याचे कारण नाही. गेरू देवाचा, तांदूळ देवाचा, आणि रेघ ओढणारा हातही देवाचाच.

मात्र येथे विवेक पाहिजे. शेत, पेरणी, फेर, जाळे, पाऊस ही सर्वांच्या जीवनाची चित्रे आहेत. ती आपल्या देवळात शोभतील. पण लग्नाचा चौक आणि त्यातील पालघट ही वारली बांधवांच्या श्रद्धेची वस्तू आहे. ती मंडपाच्या कनातीवर नुसती शोभा म्हणून लावणे हा त्यांच्या श्रद्धेचा अनादर होय, आणि आपल्या श्रद्धेविषयीही त्यात विचार दिसत नाही. ज्या वस्तूचा अर्थ आपण विचारला नाही, ती उचलू नये.

तर मग देणे कोणते? आमच्या मते तीन. पहिले मोलाचे: उत्सवासाठी चित्र, पडदा किंवा वेदीची सजावट हवी असेल, तर छापील नक्कल आणण्यापूर्वी जिल्ह्यातील हातांस विचारावे, आणि घासाघीस न करता कामाचे दाम काम होताच द्यावे. बाजारात घासाघीस चालते. देण्यात चालत नाही. दुसरे नावाचे: देणगीदाराचे नाव आपण संगमरवरी फरशीवर कोरतो, ज्याने ती फरशी कोरली त्याचे नाव निदान धर्मग्रामाच्या वहीत तरी असावे. तिसरे शिष्याचे: बसालेलास शिकविण्याची बुद्धी दिली होती, पण शिकणारा नसेल तर ती बुद्धी काय करील? आपली मुले कारखान्यात जावोत, कचेरीत जावोत; परंतु ज्याच्या घरी हातची विद्या आहे त्याने ती मुलाच्या, आणि हो, मुलीच्याही हाती देऊन ठेवावी. ती अंगी असून कोणाची नोकरी गेल्याचे आम्ही ऐकले नाही.

असो. ज्युबिलीच्या पताका आठ दिवसांनी उतरतील. त्यानंतरच्या साध्या दिवसांत, चिंचणीचा कोणी डोळे बारीक करून पोलाद खोदीत असेल, डोंगराकडची कोणी म्हातारी नातीला पीठ कालवावयास शिकवीत असेल. त्यांस आपल्या कौतुकाची गरज नाही. ती त्यांची प्रार्थना आहे, आणि ऐकणारा ती ऐकतो आहे. त्यांचे जे निघते ते मात्र आपण चुकते करावे. संत योसेफ आपल्या हातांस काम देवो, आणि दुसऱ्याच्या कामाचे मोल ओळखण्याची दृष्टीही देवो.