भिंत आधी, रंग नंतर



गणपती उठले की पितृपक्ष, मग नवरात्र. दसरा झाला की आपल्या इंदूरच्या घरोघरी एकच घाई सुरू होते: दिवाळीच्या आत रंग लागला पाहिजे. त्या वीस दिवसांत पुताईवाल्यांना जेवायलाही सवड नसते. दिवाळी सरली की आम्हा बांधकाम खात्यातल्या मंडळींना ओळखीपाळखीतून निरोप येऊ लागतात, "जरा आमची भिंत बघून जाता का?" जाऊन बघावं तर रोलरचे उभे पट्टे, कुठे चकाकी तर कुठे मंदपणा, खिडकीशेजारी ढगासारखे डाग. आणि बहुतेक ठिकाणी तोवर रंगाऱ्याचे शेवटचे पैसे अडवलेले असतात. ते पैसे त्याच्या घरच्या दिवाळीचे असतात. म्हणून भिंतीवरचा दोष ओळखायचा कसा, सुधारायचा कसा आणि मुळात येऊ द्यायचा नाही तो कसा, हे आज बोलू या.

पहिली गोष्ट, भिंत रंग पिते. सगळीकडे सारखी प्यायली तर रंग सारखा दिसतो. जुन्या रंगावर चार ठिकाणी पुट्टीची ठिगळं लावली आणि प्रायमर न देता थेट रंग मारला, तर पुट्टी जास्त पिते आणि तेवढी जागा मंद, कोरडी दिसते. प्रायमरचं काम भिंतीची तहान सारखी करण्याचं आहे. थोडे पैसे वाचवायला लोक नेमका तोच गाळतात आणि मग रंगाचा तिसरा हात द्यावा लागतो.

आता दोष वाचायचा कसा? रात्री खोलीतला दिवा बंद करून मोबाइलची बॅटरी भिंतीला चिकटवून आडवी धरा. उंचवटे, पुट्टीच्या कडा, पॉलिश पेपरचे ओरखडे सगळं दिसेल. उंचसखल दिसलं तर दोष घासाईत आहे. भिंत सपाट आहे, पण दोन-तीन फुटांवर गडद पट्टे आहेत, तर दोष रोलरच्या सांध्यात आहे: आधीचा पट्टा वाळल्यावर शेजारचा त्यावर चढला. ठिगळाच्या आकाराचा डाग असेल तर प्रायमर राहिला. एका भिंतीचा रंग दुसरीपेक्षा किंचित वेगळा असेल तर डबे वेगवेगळ्या बॅचचे असावेत किंवा पाणी कमीजास्त पडलं असावं. आणि डाग जमिनीलगत किंवा खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात पिवळसर असेल, त्यावर पांढरी भुकटी असेल, तर ती ओल आहे. तिथे रंगाऱ्याला बोल लावून काही उपयोग नाही.

ओल ही आपल्याकडची मोठी अडचण, कारण पाऊस संपता संपताच आपण रंग काढतो. भिंत वरून कोरडी वाटते, आत पाणी असतं. सोपी चाचणी आहे. दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि एक दिवस-रात्र राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर भिंतीत ओल आहे, रंग थांबवा. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवाच दमट आहे, खिडक्या उघडा. नवं प्लास्टर असेल तर पाणी मारणं बंद झाल्यावर किमान महिनाभर तरी थांबावं. लोणा लागलेली भिंत पाण्याने धुऊ नये, क्षार विरघळून पुन्हा आत जातात. कोरड्या ब्रशने झाडावी आणि आधी गळकी नळी, गच्ची किंवा बाहेरचा उतार दुरुस्त करावा.

रामबागेकडच्या आणि राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत राहणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगायचं आहे. ती भिंत चुन्याची आहे. चुना आतली ओल हळूहळू बाहेर सोडतो. त्यावर आपण चकचकीत प्लास्टिक पेंट चढवला की ओलीचा रस्ता बंद होतो, रंगाला फुगे येतात, पापुद्रे सुटतात आणि दरवर्षी नवं ठिगळ लागतं. आजोबांच्या वेळी त्या भिंतीला सफेदी होत होती, ती भिंतीला मानवतही होती. आजही चुन्याचे दोन-तीन पातळ हात तिथे उत्तम बसतात. मात्र आधी प्लास्टिक पेंट खरवडून काढावा लागतो. चुना ओला असताना पारदर्शक दिसतो आणि वाळता वाळता पांढरा होतो. घाबरून लगेच दुसरा हात मारू नये.

माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि घराला भेगा पडतात. भेग बुजवण्याआधी दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. काही महिन्यांनी भेग खुणेपुढे गेली असेल तर ती चालती आहे. तिथे रंगाची बात नंतर, आधी पायाकडे जाणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त.

भिंत तयार झाली की काम कसं करवून घ्यावं? जुनं डिस्टेंपर असेल तर तळहात फिरवा. हाताला पावडर लागली तर खरवडल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुट्टी घासून धूळ पुसा, प्रायमर द्या. रंगाचा हिशेब आधी करा. दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली म्हणजे भिंती ४४० चौरस फूट. दारं-खिडक्यांचे साठ वजा केले की ३८०. समजा, डब्यावर दोन हातांना लिटरमागे ६० चौरस फूट लिहिलं असेल, तर साधारण ६.३ लिटर लागतील. सात एकदम आणा, बॅच नंबर जुळवा, सगळे डबे एका बादलीत एकजीव करा. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, तेही मापाने.

एक माणूस ब्रशने कडा मारत पुढे, दुसरा लगेच मागून रोलर घेऊन. पट्टा ओला असतानाच शेजारचा त्याला मिळाला पाहिजे. एक भिंत सुरू केली की कोपऱ्यापर्यंत संपवायची, चहा त्यानंतर. रंग मारताना पंखा बंद ठेवा, नाहीतर कडा लवकर वाळतात. रोलर दाबून पिळू नये, शेवटचा हलका हात एकाच दिशेने द्यावा. दोन हातांमध्ये डब्यावर सांगितलेले तास जाऊ द्यावेत.

बिघडलेली भिंत सुधारायची असेल तर डागावर ठिगळ लावू नका, ते आणखी उठून दिसतं. पट्टे असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासून धूळ पुसा आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत संपूर्ण भिंतीला एक हात द्या. ठिगळ दिसत असेल तर आधी तेवढ्यावर प्रायमर. स्वयंपाकघरातला तेलकटपणा आधी साबणाच्या पाण्याने काढा. पावसाचे जुने पिवळे डाग पाण्याच्या प्रायमरमधून पुन्हा वर येतात. ओल थांबल्यावर त्यावर तेलाचा प्रायमर लावावा.

एक सावधगिरी. घरगुती रंगातल्या शिशावर दहा लाखांत ९० भागांची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं जास्त असू शकतं. असा जुना रंग कोरडा घासू नका. पाणी लावून घासा, लेकरांना दूर ठेवा, आणि घासणाऱ्यालाही नाकाला मास्क द्या. तोही कुणाचा बाप असतो.

शेवटी व्यवहाराचं. काम सुरू होण्याआधी एका कागदावर लिहा: घासाई किती, प्रायमर आहे की नाही, रंगाचे हात किती, कोणत्या टप्प्याला किती पैसे. खात्यात आम्ही प्रत्येक थर झाकला जाण्याआधी बघतो आणि मगच पुढचा चढू देतो. घरीही तसंच करावं. घासाईनंतर बॅटरी लावून बघा, प्रायमरनंतर बघा, तेव्हाच बोला. दोन हात लागल्यावर केलेली तक्रार दोघांनाही महागात पडते. प्रायमर आपण गाळला, ओल आपण पाहिली नाही, दिवाळीची घाई आपली, तर त्याचे पैसे कापणं न्यायाचं नाही. सांधे त्याच्या हातून सुटले असतील तर भिंत पुन्हा करून मागा. चांगला कारागीर नाही म्हणत नाही.

आणि भिंत ओली असेल तर या दिवाळीला नुसती झाडून-पुसून दिवे लावा. लक्ष्मी जुन्या रंगाच्या घरीही येते. रंग उन्हाळ्याच्या तोंडावर काढा, भिंती कोरड्या असतात आणि कारागीरही सवडीने काम करतात.

गणपती बाप्पा मोरया!