एकाच वाटेचा खेळ

ज्या व्हिडिओ गेममध्यें कथेची वाट आधींच आंखलेली असते, त्यांत खेळणाराचें कर्तृत्व तें काय, असा आक्षेप वारंवार ऐकूं येतो. गोष्टच हवी तर कादंबरी वाचावी, चित्रपट पाहावा! या आक्षेपास २०१३ सालीं निघालेला 'ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स' हा खेळ चांगलें उत्तर देतो. त्याचे दिग्दर्शक जोसेफ फारेस हे स्वीडनमधील चित्रपट-दिग्दर्शक.

आजारी पित्यासाठीं औषध आणावयास दोघे भाऊ निघतात. थोरला खेळणाराच्या डाव्या हातीं, धाकटा उजव्या. पात्रांची भाषा कल्पित. तिचा अर्थ हावभावांवरूनच जाणावा लागतो. आई बुडून गेल्यापासून धाकट्यास पाण्याचें भय. थोरल्याच्या पाठीस बिलगूनच तो पाणी ओलांडतो. पुढें थोरला मरण पावतो आणि खेळणाराचा डावा हात रिकामा होतो. परततांना पुन्हां पाणी आडवें येतें. उजवी कळ दाबून कांहीं होत नाहीं. अखेर मृत भावाची डावी कळ दाबावी, तेव्हां कोठें धाकटा पोहूं लागतो.

वाट एकच होती, हें खरें. परंतु येथें शोक आणि धैर्य हीं नुसतीं पाहिलेलीं नसून बोटांनीं अनुभवलेलीं असतात. डाव्या हातास थोरल्याची संवय जडली, तीहि वाट भरकटली नाहीं म्हणूनच. आख्यानाचा शेवट ठाऊक असूनहि आपण कीर्तनास बसतोंच कीं! वाट निवडण्यांत जसें कर्तृत्व आहे, तसेंच ती मनःपूर्वक चालण्यांतहि आहे.