नकाशात आपलं शेत कुठं आहे?

(पुण्यात झालेल्या वनहक्क शिबिरात आंबेगावच्या पोरापोरींनी केलेलं बोलणं)



आम्हाला नकाशावर बोलायला सांगितलंय. आम्ही काही मोजणीदार नाही. पण गेले चार महिने एसटीने पुण्याला येऊन नकाशे काढणाऱ्या एका ताईंकडे बसलो, काम शिकलो. ते सांगतो.

जमीन मोजायची आजची पद्धत पुणे जिल्ह्यातच रुजली. 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात शेत न् शेत मोजायला घेतलं. 33 फुटांची साखळी, तिचे 16 आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. असे 40 गुंठे म्हणजे एकर. मग मातीचा रंग, खोली बघून जमिनीची प्रत आण्यांत ठरवायची. कशासाठी? सारा बसवायला. ज्या जमिनीतनं सारा निघणार, ती बारीक मोजली. आपली रीत वेगळी. उतारावर दोन-तीन वर्षं नाचणी-वरई घ्यायची, मग जमिनीला विसावा द्यायचा. मोजणारा विसाव्याच्या वर्षी आला तर त्याला पडीकच दिसणार. पुढं 1878 चा जंगल कायदा आला आणि अशा पुष्कळ जमिनी राखीव जंगलात गेल्या. कागदावर शेतच नाही, तर हरकत कशाच्या जोरावर घेणार?

आता ताईंचं काम. दिवसभर त्या कॉम्प्युटरवर प्लॉट, रस्ते, गटारं यांचे नकाशे काढतात. पोटाचा धंदा आहे. त्या सरळ सांगतात, "पैसे देणारा जे विचारतो तेवढंच मी काढते. त्याने झरा विचारला नाही तर झरा काढत नाही." आम्हाला राग आला होता. पण खरं बोलल्या.

रविवारी मात्र त्या स्वतःसाठी नकाशे काढतात, हाताने, शाईने. पुण्याचे जुने ओढे. नागझरी, आंबिल ओढा. आंबिल ओढा कात्रजकडनं येतो, पेशव्यांच्या काळात त्याची वाट वळवली. ताई ओढ्याच्या काठानं चालतात, म्हाताऱ्या माणसांना विचारतात, पाणी कुठं तुंबतं ते टिपतात. या नकाशाला गिऱ्हाईक नाही. आमच्या कामाचं आम्ही जे शिकलो ते धंद्याच्या नकाशातनं कमी, या रविवारच्या नकाशातनं जास्त.

आमच्या वाडीतल्या एका आजीचा दावा परत आला होता. कसते दोन एकर, कागदावर 20 गुंठे. का, तर उपग्रहाच्या चित्रात बाकीचं शेत दिसत नाही. ताईंनी समजावलं. असं चित्र ठिपक्यांचं असतं. एका जुन्या भारतीय उपग्रहाचा ठिपका जमिनीवर साधारण 23 मीटर लांब, 23 मीटर रुंद. गुंठ्याची बाजू 10 मीटर. म्हणजे एका ठिपक्यात पाच गुंठ्यांहून जास्त. त्यात नाचणी, बांध, हिरड्याचं झाड, गवत सगळं एकाच रंगात मिसळतं. वर महिना कुठला ते बघा. मेमध्ये शेत उघडं, सप्टेंबरात गवतासारखं हिरवं. हातातल्या जीपीएसचंही तसंच. झाडाखाली, दरीत चार-पाच मीटर इकडंतिकडं होतं. मोठ्या शेताला चालेल. 10 गुंठ्यांच्या तुकड्याला त्यानं फरक पडतो.

कायदाही हेच म्हणतो. 2012 च्या दुरुस्तीत लिहिलंय की उपग्रहाचं चित्र दुसऱ्या पुराव्याला जोड म्हणून चालेल, त्याच्या जागी नाही. म्हाताऱ्यांचे जबाब, बांध, घर हाही पुरावा आहे. आणि 2008 च्या नियमांप्रमाणे जंगलाचे व महसुलाचे नकाशे ग्रामसभेला द्यायचं काम उपविभागीय समितीचं आहे. लेखी मागा, पोच घ्या.

मग आम्ही वाडीत चार फुटांचा कागद पसरला. आजीने आधी वरसूबाईचं ठाणं दाखवलं. मग पाणवठा, मग शेत. कुठलं शेत 2005 साली पेरलं आणि कुठलं विसाव्याला होतं, हे तिला तोंडपाठ. 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा दाखवायचा असतो, म्हणून हे सगळं तारखेसकट लिहून घेतलं. ताई म्हणाल्या, असा नकाशा आपल्याला आयुष्यात कोणी काढायला सांगितला नव्हता. त्यांनी पैसे घेतले नाहीत. आम्ही हिरडा दिला.

तो कागद आज इथं भिंतीवर लावलाय. अजून पूर्ण नाही, कड्याखालची तीन शेतं राहिलीत. जेवण झालं की प्रत्येक गावाने आपापला कागद घ्यावा. 33 फुटांच्या दोऱ्या आम्ही कापून आणल्यात. आणि म्हातारी माणसं मागं बसलीत, त्यांना पुढं घ्या.