बेससाठी मल्टी-इफेक्ट्स घेताय? आधी तळ सांभाळा

दिवसा कोड आणि रात्री बेस गिटार, असं माझं आयुष्य चाललंय. आजचा विषय बऱ्याच जणांनी विचारलेला आहे: बेससाठी मल्टी-इफेक्ट्स युनिट कुठलं घ्यायचं? मी एक मॉडेल सांगून मोकळा होणार नाही. कारण प्रत्येकाचा बँड वेगळा, खिसा वेगळा. पण निवडायचं कसं, ते मात्र सांगतो.

आधी एक छोटी गोष्ट. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार, ई, मोकळी वाजवली की तिचा मूळ स्वर असतो साधारण ४१ हर्ट्झ. गिटारची जाड ई तार त्याच्या दुप्पट, म्हणजे ८२. तुमचा बेस पाच तारांचा असेल तर खालची बी तार ३१ हर्ट्झच्या आसपास जाते. आता फोनच्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ जवळजवळ येतच नाही. वरचे ओव्हरटोन्स ऐकू येतात आणि आपला मेंदू खालचा स्वर स्वतःच भरून घेतो. म्हणजे फोनच्या स्पीकरवर डेमो व्हिडिओ बघून 'वा, काय आवाज आहे' म्हणणं म्हणजे फोटो बघून मिसळीची चव सांगणं. डेमो ऐकायचाच असेल तर चांगले हेडफोन लावून ऐका.

माझं आजचं सगळं म्हणणं याच तळाबद्दल आहे. बँडमध्ये बेसिस्टचं काम काय? ड्रम आणि बाकीची वाद्यं यांच्यामध्ये जमीन धरून ठेवणं. लोकांचं बेसकडे लक्ष जात नाही, पण तो पातळ झाला की गाणं एकदम पोकळ वाटायला लागतं. म्हणून खोक्यावर किती इफेक्ट्स लिहिलेत, ते शेवटी बघा. इफेक्ट चालू केल्यावर खालचा स्वर जागेवर राहतो का, हे आधी बघा.

सगळ्यात जास्त घोळ होतो डिस्टॉर्शन आणि ओव्हरड्राईव्हमध्ये. गिटारसाठीच्या बऱ्याच ओव्हरड्राईव्हमध्ये खालच्या फ्रिक्वेन्सी मुद्दाम कमी केलेल्या असतात, कारण गिटारला त्या गढूळ करतात. तेच सर्किट बेसला लावलं की करकर मिळते, पण पोट गायब! यावरचा उपाय म्हणजे ब्लेंड. थोडा स्वच्छ, मूळ सिग्नल शेजारून तसाच जाऊ द्यायचा आणि वरून डिस्टॉर्शन मिसळायचं. त्यामुळे युनिटमध्ये बेससाठी बनवलेले ड्राईव्ह आहेत का आणि त्यांना ब्लेंड, मिक्स किंवा ड्राय असा नॉब आहे का, हे तपासा. लाईन ६च्या एचएक्स स्टॉम्पसारख्या युनिटमध्ये सिग्नलचे दोन समांतर रस्ते करता येतात. एकावर स्वच्छ बेस, दुसऱ्यावर हवा तेवढा गोंधळ. कोरस आणि फ्लँजरलाही हाच नियम लावा.

दुसरी गोष्ट, कॉम्प्रेसर. दिसायला कंटाळवाणा, पण बेसिस्टला रोज लागणारा. बोटांनी वाजवताना एक स्वर मोठा, एक बारीक होतो. स्लॅप केला तर आणखीच. कॉम्प्रेसर ते सगळं एका पातळीवर आणतो. सुरुवातीला रेशो ४ला १ ठेवून बघा. अटॅक फार जलद ठेवू नका, नाहीतर बोटाचा ठोकाच मरतो. युनिटमधला कॉम्प्रेसर कान लावून ऐका. पन्नास रिव्हर्ब असतील आणि हा एक धड नसेल, तर पुढे जा.

तिसरी गोष्ट, आवाज बाहेर कसा काढणार? कॉलेजचं गॅदरिंग, गणपतीतला ऑर्केस्ट्रा किंवा छोटा कॅफे, अशा ठिकाणी बेस अँप असेलच असं नाही. थेट मिक्सरमध्ये जोडावं लागतं. मिक्सर लांब असेल तर साध्या गिटार केबलवर गुणगुण येते. म्हणून बॅलन्स्ड एक्सएलआर आउटपुट आणि ग्राउंड लिफ्टचं बटण असेल तर जीव वाचतो. आणि महाग युनिटवर एक्सएलआर असतंच, असं समजू नका. एचएक्स स्टॉम्पवर ते नाही. झूमच्या बी६वर आहे. झूम बी१ फोर आणि बॉस जीटी-१बीवरही नाही. अशा वेळी वेगळा डीआय बॉक्स घ्यावा लागतो, तो खर्च आधीच धरा. शिवाय मिक्सरमध्ये थेट जाताना कॅबिनेट सिम्युलेशन चालू ठेवायचं, खऱ्या अँपमध्ये जाताना बंद. दोन्हीसाठी दोन पॅच करून ठेवा.

मग बजेट कमी असेल तर? झूम बी१ फोर घरच्या सरावाला खूप आहे. एका वेळी पाच इफेक्ट्स, सोबत ड्रम रिदम, आणि चार डबल-ए सेलवर चालतं. रात्री हेडफोन लावून वाजवा, खालच्या मजल्यावरच्या काकू तक्रार करणार नाहीत. बॉस जीटी-१बीसुद्धा सेलवर चालतं आणि त्याला एक्स्प्रेशन पेडल जोडलेलंच आहे. वाहसाठी पायाला काहीतरी हवं असेल तर ते सोयीचं.

आता माझ्यातला इंजिनिअर थोडा बोलतो. लोक विचारतात, 'डिजिटल आहे, मग लेटन्सी येईल ना?' गणित करू. समजा युनिट सेकंदाला ४८,००० सॅम्पल घेतं आणि ६४-६४च्या गठ्ठ्यांत प्रोसेस करतं. एक गठ्ठा म्हणजे १.३ मिलिसेकंद. आत-बाहेरचं रूपांतर धरून काही मिलिसेकंद होतात. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे अँपपासून तीन मीटरवर उभे असाल तर ९ मिलिसेकंद तिथेच गेले! तेव्हा लेटन्सीची काळजी सोडा. काळजी करा पॅच बदलतानाच्या खंडाची. काही युनिटमध्ये पॅच बदलला की क्षणभर आवाज तुटतो. गिटारला ते खपतं, बेसला नाही, कारण तेवढ्यात जमीनच सरकते.

आणखी एक. घरी हळू आवाजात आपल्या कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात, म्हणून आपण पॅचमध्ये बेस वाढवून ठेवतो. स्टेजवर तोच पॅच घुमायला लागतो. पॅच बँडच्या सरावात, खऱ्या आवाजात पक्के करा. सगळ्या पॅचचा आवाज एकसारखा आहे ना, तेही तिथेच बघा.

तर दुकानात जाताना स्वतःचा बेस आणि स्वतःचे हेडफोन न्या. तीन चाचण्या करा. एक: मोकळी ई तार वाजवा, युनिट बायपास करा, परत चालू करा. पोट कमी झालं का? दोन: डिस्टॉर्शन लावून ब्लेंड फिरवा. स्वच्छ स्वर परत येतो का? तीन: स्वर लांबवून मध्येच पॅच बदला. खंड पडतो का? दुकानदार घाई करायला लागला तर हसून म्हणा, 'दादा, दोन मिनिटं.' पैसे आपले आहेत.

सेकंडहँड घेत असाल तर प्रत्येक स्विच दहा वेळा दाबा, जॅक हलवून बघा आणि अॅडॅप्टर नीट तपासा. नुसतं ९ व्होल्ट पुरत नाही, करंट आणि पोलॅरिटीही जुळली पाहिजे. एचएक्स स्टॉम्पसोबत ३ अँपिअरचा अॅडॅप्टर येतो. साध्या पेडलच्या अॅडॅप्टरकडून ती अपेक्षा करू नका.

आणि पहिल्या पगारातले किंवा पॉकेटमनीतले पैसे जमवून घेत असाल, तर वरच्या मॉडेलपेक्षा एक पायरी खालचं घ्या. उरलेल्या पैशांत तारांचा नवा सेट आणि एक चांगली केबल येईल. जुन्या, मेलेल्या तारांना कुठलंही युनिट जिवंत करत नाही.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या पेडलबोर्डवर काय आहे ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर ट्यून करत राहा, वाजवत राहा!